फॅसिझम, भांडवलशाही व राष्ट्रीय इतिहास (इटली)

इटलीत १९२२ ते १९४३ या काळात सत्तेवर असलेल्या फॅसिस्ट राजवटीचे तेथील भांडवलशाहीशी व देशाच्या राष्ट्रीय इतिहासाशी कोणते नाते होते, हा आधुनिक इतिहासलेखनातील एक दीर्घकाळ चाललेला वाद आहे. फॅसिझम ही संज्ञा ‘फाशो’ म्हणजे जुडी वा गट या इटालियन शब्दावरून आली. प्राचीन रोममध्ये अधिकाऱ्यांपुढे परशूसह वाहून नेल्या जाणाऱ्या काठ्यांच्या जुडीशी फॅसिस्टांनी तिचे नाते जोडले. परंतु आधुनिक इटलीच्या राजकारणात हा शब्द प्रथम गाजला, तो १८९१–९४ च्या दरम्यान सिसिलीतील शेतकरी व कामगार यांच्या संघटनांमुळे. जमीनदार आणि जाचक कर यांविरुद्ध उभ्या राहिलेल्या या ‘फाशो’ संघटना पंतप्रधान फ्रांचेस्को क्रिस्पी (१८१८–१९०१) याने लष्करी बळाने मोडून काढल्या. हा क्रिस्पी स्वतः सिसिलियन होता व १८६० मध्ये गॅरिबॉल्डीबरोबर सिसिलीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या स्वयंसेवकांपैकी एक होता. राष्ट्रीय एकीकरणाचा सैनिक, भूमिहीनांचे दमन करणारा पंतप्रधान आणि पुढे फॅसिस्टांना वंदनीय वाटलेला पूर्वसूरी, या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीच्या ठायी आढळतात. प्रस्तुत विषयातील गुंतागुंत या एका उदाहरणावरून ध्यानात यावी.

फॅसिझमची मुळे कोठे शोधावयाची, याविषयी तीन उत्तरे प्रामुख्याने पुढे आली. तत्त्वज्ञ व इतिहासकार बेनेदेत्तो क्रोचे (१८६६–१९५२) याच्या मते फॅसिझम हा इटलीच्या इतिहासातील एक प्रक्षेप, जणू कंसात टाकलेला मजकूर होता. पहिल्या महायुद्धाने निर्माण केलेल्या नैतिक आजारातून तो उद्‌भवला. प्येरो गोबेत्ती (१९०१–२६) या तरुण उदारमतवादी विचारवंताने याच्या नेमके उलट मत मांडले. फॅसिझम हे त्याला राष्ट्राचे आत्मचरित्रच वाटले. एकीकरणाच्या वेळी लोकक्रांती न झाल्यामुळे समाजात राहून गेलेली दुर्बलता त्यातून व्यक्त झाली, असे तो म्हणे. तिसरे उत्तर साम्यवाद्यांचे. कम्युनिस्ट इंटरनॅशनलच्या १९३५ मधील सातव्या अधिवेशनात ग्यॉर्गी दिमित्रॉव्ह याने सत्तारूढ फॅसिझम म्हणजे वित्तीय भांडवलातील सर्वाधिक प्रतिगामी गटाची उघड हुकूमशाही, अशी व्याख्या केली. ही उत्तरे केवळ अभ्यासिकेतील नव्हती. जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या प्रत्येकामागे होता.

एकीकरण व उशिराची भांडवलशाही : इटलीचे राज्य १८६१ मध्ये स्थापन झाले आणि १८७० मध्ये रोम त्यात सामील झाले. एकीकरणाच्या या चळवळीस रिसॉर्जिमेंतो (पुनरुत्थान) म्हणतात. मॅझिनी (१८०५–७२) याचे लोकसत्ताक प्रजासत्ताकाचे स्वप्न आणि काव्हूर (१८१०–६१) याची पीडमाँटच्या राजघराण्याभोवती उभारलेली मुत्सद्देगिरी यांत काव्हूरची सरशी झाली. नव्या राज्यात मताधिकार लोकसंख्येच्या सु. दोन टक्के लोकांपुरता होता. पोपने राज्याला मान्यता नाकारली आणि दक्षिणेतील शेतकऱ्यांना एकीकरणाचा अर्थ प्रामुख्याने नवे कर व सक्तीची सैन्यभरती या रूपाने कळला.

ह्या राज्याच्या आश्रयाने वाढलेले उद्योग प्रथमपासूनच सरकारवर विसंबून होते. तेर्नी येथील पोलाद कारखाना (१८८४) आरमाराच्या गरजांसाठी निघाला. १८८७ च्या जकातीने पोलाद, कापड आणि गहू यांना संरक्षण मिळाले व उत्तरेतील कारखानदार आणि बडे जमीनदार यांचे हितसंबंध एकत्र बांधले गेले. जर्मन भांडवलाच्या साहाय्याने १८९४ मध्ये मिलान येथे स्थापन झालेल्या बांका कोमेर्चाले या बँकेने ठेवीदारांचा पैसा थेट कारखान्यांच्या भागभांडवलात गुंतविण्याची जर्मन पद्धत रुजविली. बँक बुडाली तर कारखाना बुडणार आणि कारखाना बुडाला तर बँक, अशी ही जोडी होती. दोघांना वाचवण्याची पाळी शेवटी सरकारवर येई. मे १९१५ मध्ये इटली युद्धात उतरल्यावर हे परावलंबन कमालीचे वाढले. तूरिन येथील फिआत कंपनीच्या कामगारांची संख्या युद्धकाळात सु. ४,००० वरून सु. ४०,००० वर गेली. युद्ध संपताच सरकारी मागणी आटली. १९२१ मध्ये इल्व्हा व आन्साल्दो या प्रचंड कंपन्या डबघाईस आल्या आणि डिसेंबरमध्ये आन्साल्दोशी निगडित असलेली बांका इतालियाना दी स्कोंतो ही बँक कोसळली.

सत्ताग्रहण : बेनीतो मुसोलिनी (१८८३–१९४५) याने २३ मार्च १९१९ रोजी मिलान येथे आपली संघटना स्थापन केली, तेव्हा तिचा कार्यक्रम भांडवलदारांना रुचणारा मुळीच नव्हता. भांडवलावर जबर कर, युद्धातील नफ्याची मोठ्या प्रमाणावर जप्ती आणि चर्चच्या मालमत्तेचे सरकारीकरण अशी त्यातील कलमे होती. नोव्हेंबर १९१९ च्या निवडणुकीत त्याचा एकही उमेदवार निवडून आला नाही. समाजवादी पक्षाला १५६ जागा मिळाल्या. फॅसिझमला बळ मिळाले ते पुढच्या वर्षी आणि तेही शहरातील कारखानदारांकडून नव्हे, तर पो नदीच्या खोऱ्यातील जमीनमालकांकडून. फेरारा, बोलोन्या व आसपासच्या जिल्ह्यांत शेतमजुरांच्या संघटनांनी मजुरीचे दर व मजुरांची नेमणूक आपल्या हाती घेतली होती. काळ्या सदऱ्यांतील पथकांनी १९२०–२१ च्या हिवाळ्यात त्यांची कार्यालये, सहकारी भांडारे व छापखाने जाळले. पुढाऱ्यांना मारहाण केली, कित्येकांचे खून पाडले. मालमोटारी व पैसा जमीनमालकांचा होता. पोलिसांनी बहुधा डोळेझाक केली.

सप्टेंबर १९२० मध्ये चार लाखांहून अधिक कामगारांनी उत्तरेतील धातुउद्योगाचे कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा पंतप्रधान जोव्हान्नी जोलित्ती (१८४२–१९२८) याने बळाचा वापर न करता तडजोड घडवून आणली. कारखाने परत मिळाले, पण आपल्या बाजूने उभे न राहणाऱ्या उदारमतवादी राज्यावरील उद्योगपतींचा विश्वास तेथून उडाला. तरीही इटालियन उद्योगपतींच्या महासंघाने (कॉन्फिंदुस्त्रिया) रोमवरील मोर्चाचा कट रचला, असे म्हणण्यास आधार नाही. ऑक्टोबर १९२२ च्या अखेरीपर्यंत अनेक प्रमुख उद्योगपतींना जोलित्ती वा सालांद्रा यांच्या मंत्रिमंडळात मुसोलिनी दुय्यम स्थानी असावा, अशी व्यवस्था पसंत होती. २८ ऑक्टोबर रोजी राजा तिसरा व्हिक्टर एमॅन्युएल याने लष्करी कायद्याच्या हुकमावर सही करण्यास नकार दिला आणि मुसोलिनी मिलानहून रात्रीच्या आगगाडीने रोमला येऊन पंतप्रधान झाला. प्रतिनिधिगृहाने ३०६ विरुद्ध ११६ मतांनी त्याच्यावर विश्वास व्यक्त केला. पाठीराख्यांत जोलित्तीही होता.

भांडवलाशी व्यवहार : राजवट व उद्योगपती यांच्या संबंधाचे वर्णन हुकूम आणि ताबेदारी या शब्दांनी, कोणत्याही बाजूने, नीट होत नाही. तो एक व्यवहार होता आणि दर काही वर्षांनी त्याच्या अटी बदलत गेल्या. पहिल्या टप्प्यात अर्थमंत्री आल्बेर्तो दे स्तेफानी याने निकटच्या नातेवाइकांमधील वारसाकर रद्द केला, आयुर्विम्यातील सरकारी मक्तेदारी संपविली आणि दूरध्वनिसेवा खाजगी कंपन्यांकडे सोपविली. युद्धातील नफेखोरीची चौकशी करणारे संसदीय मंडळ गुंडाळण्यात आले. जाकोमो मात्तेओत्ती या समाजवादी प्रतिनिधीचा १० जून १९२४ रोजी खून झाल्यानंतर राजवट डळमळली, तेव्हा काही उद्योगपतींनी कुरकुर केली. पण त्यापुढे ते गेले नाहीत.

व्यवहारातील सर्वांत महत्त्वाची अट २ ऑक्टोबर १९२५ रोजी व्हिदोनी प्रासादातील कराराने ठरली. त्यानुसार उद्योगपतींच्या महासंघाने केवळ फॅसिस्ट कामगार संघटनांना मान्यता दिली व त्या संघटनांनी महासंघाला. कारखान्यांमधील कामगारांच्या निवडलेल्या समित्या रद्द झाल्या. ३ एप्रिल १९२६ च्या कायद्याने संप व टाळेबंदी या दोहोंवर बंदी आली. कागदावर ही बंदी समतोल दिसते. पण टाळेबंदी गमावलेल्या मालकाकडे कामावरून कमी करण्याचा अधिकार शिल्लक होता, संप गमावलेल्या कामगाराकडे काहीच नव्हते.

राजवट भांडवलदारांच्या इच्छेबाहेर जाऊ शकत होती, हे चलनाच्या प्रश्नावर दिसून आले. पौंडाला ९० लिरा या दराचा हट्ट मुसोलिनीने १९२६ मध्ये राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या नावाने धरला. निर्यातदार कारखानदारांचा, विशेषतः कापड व मोटारगाड्यांच्या उत्पादकांचा, त्याला विरोध होता. डिसेंबर १९२७ मध्ये ९२·४६ लिरांना एक पौंड हा दर कायम झाला आणि त्याची भरपाई सरकारी हुकमाने केलेल्या वेतनकपातीतून करून देण्यात आली. मोबदला असा तिसऱ्याच पक्षाकडून वसूल केला गेला. याच काळात अर्थमंत्री असलेला ज्युसेप्पे व्होल्पी (१८७७–१९४७) हा या व्यवस्थेचा नमुना म्हणता येईल. व्हेनिसच्या वीज कंपनीचा संस्थापक, लिबियातील त्रिपोलितानियाचा गव्हर्नर, अमेरिकेशी युद्धकर्जाची तडजोड करून मॉर्गन पेढीकडून दहा कोटी डॉलरचे कर्ज मिळवणारा मंत्री आणि १९३४ पासून उद्योगपतींच्या महासंघाचा अध्यक्ष, असा त्याचा प्रवास झाला.

जागतिक मंदीत बँक व कारखाना यांची जुनी जोडी पुन्हा एकदा बुडू लागली. जानेवारी १९३३ मध्ये औद्योगिक पुनर्रचना संस्था (इरी) स्थापन करून सरकारने तीन मोठ्या बँकांकडील सर्व औद्योगिक भाग विकत घेतले. त्यामुळे देशातील संयुक्त भांडवली कंपन्यांच्या एकूण भांडवलाचा एक-पंचमांशाहून अधिक हिस्सा तिच्याकडे आला. पोलाद, जहाजबांधणी, जहाजवाहतूक आणि दूरध्वनी यांत तिचे वर्चस्व निर्माण झाले. या संस्थेचा शिल्पकार आल्बेर्तो बेनेदूचे (१८७७–१९४४) हा जुना समाजवादी होता. वीज, रसायने व मोटारगाड्या हे नफ्याचे उद्योग मात्र खाजगी हातांतच राहिले. वर्गसंघर्षाचा शेवट म्हणून गाजविलेल्या बावीस निगमांची (कॉर्पोरेशन) स्थापना १९३४ मध्ये झाली, तोवर महत्त्वाचे निर्णय इतरत्र होऊन गेले होते. परदेशी पाहुण्यांनी या निगमांवर पुष्कळ लिहिले. त्यांच्या प्रत्यक्ष कामकाजाची झडती घेऊन ते पोकळ असल्याचे दाखविले, ते निर्वासित इतिहासकार गाएतानो साल्व्हेमीनी (१८७३–१९५७) याने.

राष्ट्रीय इतिहासाची मांडणी : सत्ता येताच फॅसिस्टांनी रिसॉर्जिमेंतोवर वारसाहक्क सांगण्यास प्रारंभ केला. तत्त्वज्ञ जोव्हान्नी जेन्तीले (१८७५–१९४४) याने मॅझिनीच्या कर्तव्यप्रधान राष्ट्रवादात राज्यनिष्ठ फॅसिझमचे बीज शोधले. मॅझिनीचा प्रजासत्ताकवाद त्यात गळून पडला. मे दिन १९२३ मध्ये रद्द झाला आणि श्रमिकांचा सण म्हणून २१ एप्रिल हा रोम नगरीचा पारंपरिक स्थापनादिन नेमण्यात आला. आंतरराष्ट्रीय कामगार चळवळीच्या जागी राष्ट्राचा प्राचीन इतिहास बसवण्याचा हा प्रयत्न होता. फॅसिस्ट बुद्धिमंतांचे जाहीरनामापत्र जेन्तीलेने २१ एप्रिल १९२५ रोजीच काढले व त्याला क्रोचेने लिहिलेले उत्तर १ मे रोजी प्रसिद्ध झाले. कामगार सनदही २१ एप्रिल १९२७ ची आहे.

तथापि इतिहास सोयीनुसार वाकविता येत असे. पोपशी ११ फेब्रुवारी १९२९ रोजी लॅटरन करार झाल्यावर २० सप्टेंबर हा रोमच्या मुक्तीचा राष्ट्रीय सण १९३० मध्ये वगळला गेला. रिसॉर्जिमेंतोचा वारस म्हणविणाऱ्या राजवटीने तिच्या कळसाचा दिवसच पंचांगातून काढला. आलेस्सांद्रो ब्लाझेत्तीच्या १८६० (१९३४) या चित्रपटाच्या अखेरीस गॅरिबॉल्डीचे वृद्ध सैनिक काळ्या सदऱ्यांतील तरुणांना सलामी देताना दाखविले होते. युद्धानंतर हे दृश्य कापून टाकण्यात आले. १९३५–३६ च्या इथिओपियावरील आक्रमणानंतर रिसॉर्जिमेंतो मागे पडून साम्राज्यकालीन रोम पुढे आले. ऑगस्टसच्या द्विसहस्राब्दीनिमित्त १९३७ मध्ये रोममध्ये भव्य प्रदर्शन भरले.

फॅसिझम, भांडवल आणि राष्ट्रीय इतिहास हे तिन्ही एकाच छपराखाली पाहावयाचे असतील, तर एन्‌चिक्लोपेदीआ इतालियाना हा ज्ञानकोश पाहावा. लाँबर्डीतील कापड उद्योगपती जोव्हान्नी त्रेक्कानी याने १९२५ मध्ये त्याची स्थापना केली व खर्चाची जबाबदारी घेतली. जेन्तीले त्याचा शास्त्रीय संचालक होता. १९२९ ते १९३७ या काळात त्याचे पस्तीस खंड प्रसिद्ध झाले. विद्वत्तेच्या दृष्टीने हे काम उच्च दर्जाचे आहे. जेन्तीलेने विरोधकांनाही लेखनास बोलाविले; १९३१ मध्ये राजवटीच्या निष्ठेची शपथ नाकारून प्राध्यापकपद गमावलेला सेमिटिक भाषांचा पंडित जॉर्जो लेव्ही देल्ला व्हीदा हाही त्याच्या लेखकांत होता. परंतु १९३२ च्या चौदाव्या खंडातील ‘फॅसिझम’ या नोंदीतील सिद्धांतावर मुसोलिनीची सही आहे. त्यातील मूलभूत कल्पनांचा भाग वस्तुतः जेन्तीलेने लिहिला होता. चळवळीच्या इतिहासाचा भाग जोआक्कीनो व्होल्पे (१८७६–१९७१) याचा. व्होल्पे हा मध्ययुगीन समाजाचा अव्वल दर्जाचा अभ्यासक होता. लीतालिया इन्‌ काम्मीनो (१९२७, म. शी. वाटचालीतील इटली) या ग्रंथात त्याने उद्योजक, अभियंते, देशांतर केलेले मजूर यांना राष्ट्रीय इतिहासाची पात्रे बनविले. भांडवलाची वाढ व राष्ट्राची वाढ ही त्याच्या लेखनात एकच गोष्ट ठरते. मग त्या वाढीत अडसर आणणारा संप हा राष्ट्रद्रोहाच्या जवळ जातो. ही मांडणी बटबटीत प्रचाराहून कितीतरी अधिक परिणामकारक होती. ज्ञानकोशासारख्या ग्रंथाची अलिप्त भाषा अशा वेळी काय काम करू शकते, याचा विचार प्रत्येक कोशकाराने करावा असा हा प्रसंग आहे.

क्रोचेने व्होल्पेला दिलेले उत्तर म्हणजे १८७१ ते १९१५ या काळातील इटलीचा त्याचा इतिहास (१९२८). उदारमतवादी राज्याचे हे प्रसन्न चित्र हुकूमशाहीच्या अंधारात अनेक वाचकांना आधार वाटले. मात्र ते १९१५ ला थांबते व सिसिलीतील शेतकरी त्यात ओझरतेच दिसतात. क्रोचेने स्वतः जून १९२४ पर्यंत सिनेटमध्ये मुसोलिनीच्या बाजूने मत दिले होते, आणि इथिओपियाच्या युद्धात ‘राष्ट्रासाठी सोने’ मागितले गेले तेव्हा आपले सिनेटरपदाचे सुवर्णपदकही देऊन टाकले. आंतोन्यो ग्राम्शी (१८९१–१९३७) याने तुरुंगातील टिपणवह्यांत रिसॉर्जिमेंतोला ‘निष्क्रिय क्रांती’ म्हटले : मॅझिनी व गॅरिबॉल्डी यांच्या पक्षाने शेतकऱ्यांना जमीन देऊन आपल्याकडे वळविले नाही, म्हणून राज्य वरून लादले गेले. त्याच्या मते फॅसिझम हीही विसाव्या शतकातील एक निष्क्रिय क्रांती असू शकते. भांडवली उत्पादनाची पुनर्रचना ती करते, पण मालकीला धक्का न लावता.

महाराष्ट्राशी संबंध : मराठी वाचकांना रिसॉर्जिमेंतोची ओळख फॅसिझमच्या पुष्कळ आधी झाली. वि. दा. सावरकरांनी केलेले मॅझिनीच्या लेखनाचे भाषांतर १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले व ब्रिटिश सरकारने ते जप्त केले. परतंत्र देशाला मॅझिनीत जे दिसले, ते सत्ताधारी जेन्तीलेला दिसलेल्या मॅझिनीहून अर्थातच वेगळे होते. पुढे डॉ. बा. शि. मुंजे यांनी पहिल्या गोलमेज परिषदेहून परतताना १९ मार्च १९३१ रोजी रोममध्ये मुसोलिनीची भेट घेतली व तेथील युवक संघटना पाहिल्या. १९३७ मध्ये त्यांनी नासिक येथे भोसला सैनिकी शाळा सुरू केली. त्यांचे लक्ष मुख्यतः युवकांच्या लष्करी शिक्षणाकडे होते. व्हिदोनी करार वा वेतनकपात हे त्यांच्या पाहणीचे विषय नव्हते. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत लढल्या. यशवंत घाडगे हे १० जुलै १९४४ रोजी तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर, व नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधील सेन्यो नदीवरील पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

अखेर व नंतरचे वाद : मार्च १९४३ मध्ये तूरिनच्या फिआत कारखान्यापासून संपांची लाट उसळली. उद्योगपतींनी पराभव ओळखून अंग काढून घेण्यास सुरुवात केली होती. २५ जुलै रोजी मुसोलिनी पदच्युत झाला. सप्टेंबरमध्ये जर्मनांनी उत्तरेत उभ्या केलेल्या त्याच्या सालो येथील प्रजासत्ताकाने भांडवलदारांवर सूड म्हणून उद्योगांच्या सामाजिकीकरणाचा हुकूम काढला (१९४४), पण कामगारांनी त्याकडे पाठ फिरवली. या यादवीत दोन्ही बाजूंनी एकच इतिहास वापरला. साम्यवादी प्रतिकारकांच्या तुकड्या गॅरिबॉल्डीचे नाव लावीत, तर सालोच्या टपाल तिकिटांवर रिसॉर्जिमेंतोचे हुतात्मे बांद्येरा बंधू छापले गेले. १९४८ च्या निवडणुकीत साम्यवादी-समाजवादी आघाडीचे चिन्ह गॅरिबॉल्डीचा चेहरा हेच होते.

ग्राम्शीच्या टिपणवह्या १९४८ नंतर प्रसिद्ध झाल्यावर वादाला नवे वळण लागले. रोझारिओ रोमेओ (१९२४–८७) याने रिसॉर्जिमेंतो ए कापितालिस्मो (१९५९) मध्ये असा युक्तिवाद केला, की शेतकऱ्यांना जमीन मिळाली असती तर उत्पन्न उपभोगात खर्ची पडून रेल्वे व उद्योगांसाठी भांडवलसंचय झालाच नसता. त्याच्या आकडेवारीवर आक्षेप घेतले गेले. पण शेतकऱ्यांच्या दारिद्र्यावर इटालियन भांडवलशाही उभी राहिली, हे त्याने विरोधकांइतक्याच स्पष्टपणे मान्य केले होते, याकडे फारसे लक्ष गेले नाही. एर्नेस्तो रोस्सीने १९५५ मध्ये बड्या उद्योगपतींवर आरोपपत्रच लिहिले, तर प्येरो मेलोग्रानी याने १९७२ मध्ये कागदपत्रांच्या आधारे त्यांच्या व मुसोलिनीच्या मतभेदांवर भर दिला. रेन्झो दे फेलीचे (१९२९–९६) याच्या विस्तृत मुसोलिनी-चरित्राने राजवटीला मिळालेल्या व्यापक लोकसंमतीचा प्रश्न पुढे आणून खळबळ उडविली.

ह्या सर्व उपपत्तींत एक साम्य आहे : प्रत्येकीत कोणीतरी निर्दोष सुटते. कंसाच्या उपपत्तीत उदारमतवादी पुढारी आणि राजा सुटतात. राष्ट्राच्या आत्मचरित्रात मालमोटारी पुरविणारे जमीनमालक सर्वांच्या दोषात विरघळून जातात. वित्तीय भांडवलाच्या व्याख्येत मेळाव्यांना स्वखुशीने जाणारे लक्षावधी कारकून, शिक्षक व दुकानदार दिसेनासे होतात. आणि लोकसंमतीवर भर देताना, संमतीवाचून दुसरा मार्ग उरला नव्हता अशा कामगाराची गणनाही अनुयायांत होते. कागदपत्रांतून अधिक स्पष्ट दिसतात, त्या ठरावीक तारखांना ठरावीक लोकांनी मान्य केलेल्या अटी. त्यातील काही माणसांनाच पुढे त्यांची किंमत द्यावी लागली. महासंघाचा चिटणीस जीनो ऑलिव्हेत्ती हा ज्यू होता. १९३८ च्या वांशिक कायद्यांनंतर त्याला देश सोडावा लागला व १९४२ मध्ये तो आर्जेंटिनात मरण पावला.

संस्था मात्र टिकल्या. औद्योगिक पुनर्रचना संस्थेचा माजी महासंचालक दोनातो मेनिकेल्ला पुढे बँक ऑफ इटलीचा गव्हर्नर झाला व ती संस्था युद्धोत्तर औद्योगिक भरभराटीचा एक आधारस्तंभ बनून २००२ पर्यंत अस्तित्वात राहिली. प्रजासत्ताकाने १ मे हा कामगार दिन पुन्हा सुरू केला आणि २५ एप्रिल हा मुक्तिदिन म्हणून नव्याने घातला. लॅटरन करार १९४८ च्या संविधानाच्या सातव्या अनुच्छेदात, साम्यवादी पक्षाच्याही मतांनी, कायम करण्यात आले. २० सप्टेंबरचा राष्ट्रीय सण परत आला नाही.